लेकराला गाडीने उडवलं तेव्हा... तुमचेही अनुभव लिहा

मोगरावाली
काल दवाखान्यात नंबर लावून बसले होते. समोर एक बाप दोन-अडीच वर्षांच्या पोराला मांडीवर आडवं घेऊन बसलेला. पोराला छातीखालपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. शेजारच्या बायका विचारत होत्या, "अगं बाई, एवढं कशाला घातलंय?" मला विचारावं लागलं नाही. या कमरेपासून पायापर्यंतच्या प्लास्टरला स्पायका म्हणतात. आमच्या धाकटीलाही होतं.

तीन वर्षांची होती. सोसायटीच्या गेटबाहेर भाजीवाल्यापाशी सासूबाईंचं बोट धरून उभी. राँग साइडने स्कूटर आली, मांडीचं हाड मोडलं. मी ऑफिसात. फोनवर सासूबाई नुसतं "तू ये, तू ये." कुठे येऊ ते सांगेनात. शेवटी भाजीवाल्याने फोन घेतला आणि हॉस्पिटल सांगितलं.

या वयात ऑपरेशन लागत नाही, हाड प्लास्टरमध्ये जुळतं, असं डॉक्टर म्हणाले. हाडाबद्दल सगळं नीट समजावलं. शी-शूचं काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही! प्लास्टरला खाली जागा ठेवलेली असते, तिथे लहान डायपर आत खोचायचा आणि वरून मोठा बांधायचा, हे वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं. दोन पायांच्या मध्ये दांडी असते ती धरून उचलायचं नाही, हेही त्यांनीच. प्लास्टर निघालं तर पोरगी पाय टेकवेना. मला वाटलं संपलं. पण ते तसंच असतं म्हणे, मग कितीतरी दिवस लंगडत चालायची.

स्कूटरवाला सोळा वर्षांचा, पलीकडच्या बिल्डिंगमधला. त्याचे वडील हात जोडून आले, पोराचं करिअर आहे म्हणाले. आम्ही तक्रार केली. काही लोक अजून बोलत नाहीत आमच्याशी. न बोलू देत.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा.

झणझणीत
बापरे. पूर्ण वाचवलं नाही. कुकर लावलाय, नंतर येते.

सातारी_कंदी
आमचं चाकात पाय प्रकरण. पोरगं बाईकवर माझ्यामागं, आईच्या पुढ्यात. जत्रेवरनं येताना पेंगलं आणि टाच स्पोकमधी. साडीगार्ड डाव्या अंगाला, पाय गेला उजवा. एक्स-रे काढला, हाड शाबूत. आमी खूश, पेढे वाटायचे तेवढे राहिले. चार-पाच दिवसांनी टाचेची कातडी काळी पडाय लागली. शेवटी मांडीची कातडी काढून टाचेला लावली. तवा ज्याचा पाय चाकात गेलाय त्याला नुस्तं खरचटलंय म्हणून सोडू नका, रोज पट्टी सोडून बघा.

लिंबूटिंबू
कंदी, अगदी अगदी. माझ्या भाचीचंही असंच. चाक पुढे फिरवून पाय काढायला गेले आणि आणखी फाटलं. स्पोक कापायला हवे होते.

रिटायर्ड_आजोबा
आमच्या मोठ्याच्या वेळी पाय वर टांगून ठेवत, दोरी, कप्पी आणि वजनं. पोर आठवडेच्या आठवडे सरकारी हॉस्पिटलात उताणं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने त्याला पत्ते शिकवले. अजून रमीत मला हरवतो.

टपरीवर_भेटू
एक माहिती. आम्हाला पहिल्या हॉस्पिटलने पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून बाहेर बसवलं. पोराच्या डोक्यातून रक्त. असं करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय, आधी उपचार, मग कागद. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, ते मागाहून करतात. आणि 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे. काउंटरवर विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

लिंबूटिंबू
ज्यांनी उचलून नेलं त्यांनाही पोलीस नाव द्यायची सक्ती करू शकत नाहीत ना आता?

टपरीवर_भेटू
हो, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत ते आलंय. त्याच दुरुस्तीत अल्पवयीन मुलाने गाडी ठोकली तर पालक किंवा गाडीमालक दोषी, 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. मोगराताई, तक्रार केलीत ते योग्यच केलंत.

हिंगाचा_डबा
मला नाही पटत. सोळाचं पोर, त्यालाही रात्री झोप लागली नसेल. माझा मुलगा त्याच वयाचा आहे म्हणून असेल.

मोगरावाली
मग चावी लपवून ठेव गं. चिडून नाही, खरंच सांगतेय.

हिंगाचा_डबा
आमच्या घरात चावी लपवली तर मलाच सापडत नाही 😀 पण हो.

दोन_वेण्या
प्लास्टरमध्ये खाज येते त्याला काय करता? लेकीचा हात मोडलाय, रिक्षा उलटली. पट्टी घालून खाजवते.

मोगरावाली
पट्टी, सुई काही घालू देऊ नकोस, आत जखम झाली तर कळत नाही. हेअर ड्रायरची थंड हवा सोड. आमच्या बाईंच्या प्लास्टरमधून शेवटी शेंगदाणे आणि बाहुलीचा बूट निघाला.

रिटायर्ड_आजोबा
बोटं निळी पडली किंवा फार दुखायला लागलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

नवा_भिडू
अवांतर: साडेतीन वर्षांच्या मुलाला हेल्मेट लागतं का? बायको हो म्हणते, मी नाही.

टपरीवर_भेटू
बायको बरोबर. चारच्या खालच्यांना हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, दोन्ही. फेब्रुवारी 2023 पासून. आणि मूल मागे असताना स्पीड 40 च्या वर नाही.

लिंबूटिंबू
लक्ष्मी रोडवर 40 ने गेलात तर आम्ही सत्कार करू.

झणझणीत
आत्ता वाचलं सगळं. मोगरा, सासूबाईंचं काय मग?

मोगरावाली
कित्येक महिने नातीला गेटबाहेर नेलं नाही त्यांनी. मी एका शब्दाने बोलले नाही, पण समजवायलाही गेले नाही. पुढे तीच एकदा त्यांचं बोट ओढत "आजी, कोथिंबीर आणू" म्हणाली, तेव्हा गेल्या.

नवा_भिडू
बरं, एवढ्या छोट्या डोक्याचं हेल्मेट पुण्यात कुठे मिळेल?

लिंबूटिंबू
नाना पेठेत बघ. पोराला घेऊन जा, अंदाजाने आणू नकोस, आमचं अजून माळ्यावर आहे.