बाहेरचा फ्लॅश लावला की फोटोत खाली काळा पट्टा

राजेंद्रनगरवाला:
नमस्कार मंडळी, भाच्याची मुंज आहे पुढच्या आठवड्यात, इथेच इंदूरला, आणि ताईने फोटोचं काम माझ्या गळ्यात घातलंय. कॅमेरा साधाच डीएसएलआर, फ्लॅश काकांचा, रीळवाल्या जमान्यातला. काल घरात ट्रायल घेतली तर प्रत्येक फोटोत खाली जाड काळा पट्टा येऊन राहिलाय, वरचं सगळं क्लीन. कॅमेऱ्याचा आतला फ्लॅश उघडला की काही नाही. पोरगं हलतं म्हणून शटर १/५०० सेकंदावर ठेवलं होतं. सेन्सर गेला का?

सराफा_रात्री_११:
लेन्सवरचं हूड काढ भिया, त्याची सावली आहे.

जुना_डार्करूम:
हूडची सावली गोल असते, आणि ती जास्त करून आतल्या फ्लॅशने पडते, तो लेन्सला चिकटून असतो म्हणून. सरळ पट्टा म्हणजे सिंक स्पीडचा घोळ, म्हणजे फ्लॅशसोबत शटर जास्तीत जास्त किती वेगात चालतं त्याचा. शटरला दोन पडदे असतात, १/२०० च्या आसपास पर्यंत पहिला पूर्ण उघडतो मगच दुसरा निघतो, म्हणजे क्षणभर का होईना अख्खा सेन्सर उघडा. १/५०० ला पहिला पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो, आणि फ्लॅश तर सेकंदाच्या हजाराव्या भागात वगैरे पेटून विझतो, मग झाकलेल्या भागाला उजेड मिळणार कुठून? आतला फ्लॅश असला की कॅमेरा स्वतःच शटर खाली आणतो, या जुन्याला मधली एकच पिन, कॅमेऱ्याला कळतच नाही कोण आलंय ते. १/१६० ठेवा. हॉलमध्ये अंधार असेल तर हलणारा बटू फ्लॅशनेच गोठतो.
बाकी मामा तुम्हीच ना, बटूला मांडवात कोण आणणार आणि कॅमेरा कोण धरणार ते आधी ठरवा 😀

वडोदेकर:
ते सगळं ठीक पण रीळवाला फ्लॅश परत लावायच्या आधी थांबा!! जुन्या काही फ्लॅशच्या पिनवर २०० च्या वर व्होल्टेज असतं, डिजिटलचं सर्किट उडू शकतं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, ऑन करा, रेडीचा दिवा लागू द्या, मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक टोक मधल्या पिनला, दुसरं बाजूच्या पत्र्याला. ५-६ च्या आत आलं तर बिनधास्त लावा.
आणि होमाच्या वेळी फ्लॅश समोरून मारू नका, धूरच पांढरा होऊन येतो, गुरुजी दिसतच नाहीत. फ्लॅशचं डोकं छताकडे वळवा, छत पांढरं आणि फार उंच नसेल तर.

राजेंद्रनगरवाला:
१/१६० ला पट्टा गायब, पण मीटर १८० च्या वर गेलं!! काकांचा फ्लॅश काकांना परत. मित्राचा नवा मिळतोय, त्यात सेल कुठले घालू?

जुना_डार्करूम:
चार्जवाले एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड). अल्कलाइन असले की दोन फ्लॅशच्या मधे वाट बघत बसावं लागतं, तेवढ्यात मंगलाष्टक संपून अक्षता पडून गेलेल्या असतात. दोन सेट ठेवा, आणि फुल पॉवरला नका वापरू, पाव पॉवर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ८०० करा.