‘ग्रेड ४’ म्हणजे ‘चौथी अवस्था’ का?

अनुस्वार: ग्लिओब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या एका कर्करोगाच्या गाठीच्या) रुग्णांच्या घरच्यांसाठी एक पत्रक मराठीत करायचं आहे. ‘ग्रेड ४’ला ‘श्रेणी ४’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून ‘चौथी अवस्था’ केलं, लोकांना हेच कळतं म्हणून. काय ठेवावं? आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ला ‘आक्रमक’ चालेल?

रफार: ‘अवस्था’ अजिबात नको. अवस्था म्हणजे स्टेज, रोग शरीरात कुठवर पोचला ते. स्तनाच्या कर्करोगात चौथी स्टेज म्हणजे तो दूरच्या अवयवांत गेलेला. मेंदूच्या या गाठीला स्टेज लावतच नाहीत, कारण ती मेंदू-मज्जारज्जूच्या बाहेर क्वचितच जाते. ग्रेड ठरते ती गाठीच्या तुकड्यावरून: पेशी किती वेगाने विभागतात, नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात का, मधला भाग मेलाय का. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर जनुकीय बदलांवरूनही ग्रेड ४ ठरते. ‘चौथी अवस्था’ वाचणाऱ्याला वाटणार, सगळीकडे पसरलंय.

कानामात्रा: पण ‘श्रेणी’तही घोळ आहेच. वरची श्रेणी म्हणजे चांगली, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. इथे आकडा वाढला की गाठ वाईट. ‘ग्रेड’च ठेवा, एका वाक्यात उलगडून सांगा. ‘ट्यूमर’ मात्र काढा. ‘अर्बुद’ हा आपला हजारो वर्षांचा शब्द आहे.

रफार: सुश्रुताचं अर्बुद गोल, स्थिर, मंद दुखणारं आणि ‘चिरवृद्धि’, म्हणजे सावकाश वाढणारं. ग्लिओब्लास्टोमात डोकेदुखी, फिट, एका बाजूची कमजोरी काही आठवड्यांत वाढत जाते. आणि तो गोल तरी कुठे? एमआरआयवर कडं दिसतं, पण पेशी त्या कड्याच्या बाहेर पांढऱ्या तंतूंच्या वाटेने शिरलेल्या असतात. म्हणून दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी रोग उरतो. ‘आक्रमक’पेक्षा ‘झपाट्याने वाढणारी व आजूबाजूला शिरणारी’ लिहा.

वेलांटी: ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये गोंद, ब्लास्टोस म्हणजे अंकुर. ‘श्लेषांकुरार्बुद’ का नको? शास्त्रीय शब्द घडवलेच नाहीत तर ते रुळणार कधी?

कानामात्रा: ‘श्लेष’ म्हटलं की अलंकार आठवतो, नाहीतर श्लेष्मा, म्हणजे कफ. रिपोर्टवर ग्लिओब्लास्टोमा छापलेलं असतं, जुन्या रिपोर्टवर ‘जीबीएम’, म्हणजे ‘ग्लिओब्लास्टोमा मल्टिफॉर्मे’ या जुन्या नावाचं लघुरूप. पत्रकातला शब्द रिपोर्टशी जुळला नाही तर घरच्यांना हे दोन वेगळे आजार वाटतील.

वेलांटी: मग ‘रेडिएशन’ला ‘किरणोपचार’ तरी लिहा. ‘शेक’ नको.

रफार: ‘शेक’ लोकांच्या तोंडचा आहे, तो कंसात हवाच. ‘डोक्याला शेक द्यायचाय’ हे आजीलाही कळतं.

वेलांटी: कळतं ते चुकीचं. शेक म्हणजे ऊब, गरम पाण्याची पिशवी. इथे मुखवटा बसवून डोकं हलू न देता किरण सोडतात, रुग्णाला उष्णता जाणवत नाही. ‘शेक’ ऐकून भाजण्याची भीती बसते.

अनुस्वार: मूळ मजकुरात किरणांची एकूण मात्रा ६० ग्रे (मात्रेचं एकक), ३० भाग, आठवड्याला पाच, आणि त्या काळात टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल रोज उपाशीपोटी. ‘भाग’ला काय लिहू?

रफार: ‘सिटिंग’.

वेलांटी: ‘बैठक’ का नाही?

कानामात्रा: रुग्ण तिथे आडवा असतो.