मदत हवी आहे: सिमितचे तीळ झडतात, पीळ सुटतो, कवच तासाभरात मऊ पडतं

मैदामोजणी:
इस्तंबूलच्या हातगाड्यांवर मिळतं तसं तिळाचं सिमित (तुर्कस्तानातला तीळ लावलेला, पीळ दिलेला कड्याच्या आकाराचा पाव) घरी करायचं आहे. सध्याचं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध २०० मिली, पाणी १२० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर २ मोठे चमचे, तेल ३ मोठे चमचे, मीठ ८ ग्रॅम. पीठ तासभर फुगवून, दोन वळ्यांना पीळ देऊन कडी केली. ती ४० मिनिटं फुगल्यावर १ भाग काकवी आणि ३ भाग पाणी यात बुडवून तिळात घोळवली. ३० लिटरचा ओटीजी, वरखाली दोन्ही रॉड, १८० अंश, २५ मिनिटं.

चव बरी आहे, पण (१) हातात घेतलं की निम्मे तीळ ताटात, (२) भाजताना पीळ सुटून कडं सपाट, (३) कवच तासाभरात पावासारखं मऊ. पेकमेझ (सिमितला लावतात तो द्राक्षाचा पाक) मिळत नाही. काकवी चालेल का?

भट्टीकर:
तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे दोन्ही बऱ्याच अंशी त्यातूनच येतात. दूध-पाणी मिळून ३२० मिली, म्हणजे मैद्याच्या ६४ टक्के, वर तेल. हे पीठ सिमितचं नाहीच, 'आच्मा'च्या जवळचं आहे. आच्मा हा तुर्कस्तानातलाच कड्याच्या आकाराचा मऊ पाव. त्यात सहसा दूध आणि लोणी असतं. सिमितला दूध नको. दुधातली चरबी आणि साखर कवच मऊ ठेवतात.

८ कड्यांसाठी: मैदा ५००, पाणी २७५, इन्स्टंट यीस्ट ५ (उन्हाळ्यात ३ पुरे), मीठ ९, साखर १०, तेल १५, सगळं ग्रॅममध्ये. पाणी एकदम ओतू नका, २० ग्रॅम मागे ठेवा. पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं. हाताने १० ते १२ मिनिटं मळा. मळताना जड जातं म्हणून पाणी वाढवायचा मोह होईल. त्याऐवजी मध्ये ५ मिनिटं झाकून ठेवा, आपोआप सैलावतं.

दीडपट फुगलं की पुरे. दुप्पट-अडीचपट फुगवलं तर पिळाच्या कडा भाजताना पुसट होतात.

दुहेरी_पीळ:
पीळ सुटण्याबद्दल. सुमारे १०० ग्रॅमच्या उंड्याचे ५०-५० ग्रॅमचे दोन भाग करून १० मिनिटं झाकून ठेवा. न थांबता लांबवलं तर वळी आकसते, आणि ताणाखाली दिलेला पीळ ओव्हनच्या उष्णतेत उलगडतो. प्रत्येक भागाची ५० सेंमी वळी करा. दोन्ही शेजारी ठेवून एका टोकावरचा तळहात पुढे, दुसऱ्यावरचा मागे सरकवा. मग उचलून टोकं जवळ आणली की दोरी स्वतःच वळते. पिळल्यावर लांबी ४० सेंमीच्या आसपास उरते.

टोकं चिमटीने दाबून भागत नाही. कडं चार बोटांवर चढवा, टोकं एकावर एक दोन बोटं घ्या आणि तो सांधा ओट्यावर तळहाताखाली लाटून एकजीव करा. ओट्याला तेल किंवा कोरडं पीठ नको, दोन्हींमुळे सांधा धरत नाही. पीठ चिकटलं तर ते घट्ट झालेलं नाही असं समजा.

तीळगूळ_विना_गूळ:
तीळ झडण्याची कारणं दोन: पाक पातळ आहे आणि क्रम उलटा आहे. फुगलेलं कडं बुडवलं की ते बसतं, हाताळताना वरची त्वचा फाटते, आणि तीळ रुतायला घट्ट पृष्ठभागच मिळत नाही. पीळ देऊन झाल्याबरोबर बुडवा, २-३ सेकंद निथळू द्या, तिळाच्या परातीत दोन्ही बाजूंनी दाबा. मग कडं हलक्या हाताने ताणून १५-१६ सेंमी व्यासाचं करा. ताणल्यावर पिळाच्या खाचा दिसू लागतात. शेवटचं फुगवणं फक्त १५ ते २० मिनिटं.

पाक: काकवी ८० ग्रॅम, पाणी ८० ग्रॅम, मैदा १ मोठा चमचा. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवा, सगळं एकत्र करून मंद आचेवर एक उकळी काढा, पूर्ण गार करा. तीळ चिकटतात ते या खळीमुळे.

तीळ पॉलिशचे पांढरे घ्या, ८ कड्यांना २०० ग्रॅम. आधी मंद आचेवर फिकट बदामी होईपर्यंत भाजा.

भट्टीकर:
तीळ आधी भाजायची गरज आहे का? ओव्हनमध्ये भाजले जातातच की.

तीळगूळ_विना_गूळ:
बाहेरचे भाजतात, पिठाला टेकलेले पाकात भिजून कच्चेच राहतात. सिमितचा खमंगपणा सगळा तिळाचा, तो असा अर्धवट सोडू नये. फक्त गडद करू नका, नाहीतर ओव्हनमध्ये कडवट होतात.

रसशाळा:
काकवी चालते, पण फरक लक्षात ठेवा. पेकमेझ म्हणजे आटवलेला द्राक्षरस. त्यात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, म्हणून रंग लवकर चढतो. काकवी उसाची, तिच्यात सुक्रोज बरंच. पाक उकळताना अर्धा चमचा लिंबाचा रस घालून ५ मिनिटं मंद ठेवली तर सुक्रोज थोडंफार फुटतं आणि रंग सुधारतो. खजुराचा पाक मिळाला तर तो पेकमेझच्या जास्त जवळचा. मध नको, त्याचा वास तिळावर चढतो.

दुसरी पद्धतही बघा. तुर्कस्तानातल्या इझ्मीर शहरात सिमितला 'गेव्रेक' म्हणतात आणि तिथे कडं गरम पेकमेझ-पाण्यातून काढतात. घरी १ लिटर उकळत्या पाण्यात १०० ग्रॅम काकवी, प्रत्येक बाजू १०-१५ सेकंद, झाऱ्याने काढून लगेच तिळात. वरचा स्टार्च शिजून चिकट होतो, तीळ घट्ट बसतात, कवच पातळ आणि कुरकुरीत येतं. पण पीठ सैल असेल तर झाऱ्यावरच कडं लोंबतं.

मैदामोजणी:
मनापासून आभार. दोन शंका: पुड्यावर प्रथिनं १० टक्के लिहिलेला मैदा चालेल का? आणि १८० अंश कमी पडतात का?

भट्टीकर:
मैदा चालेल. जास्त चिवटपणा हवा असेल तर ५०० ग्रॅमला १० ग्रॅम ग्लुटेन पावडर घाला आणि पाणी १० ग्रॅम वाढवा.

१८० फारच कमी. २५ मिनिटांत आतलं पाणी निघून जातं आणि कवचाला रंग येत नाही. म्हणून बाहेर मऊ, आत कोरडं. २३० अंशांवर १४ ते १६ मिनिटं. ओटीजी २० मिनिटं आधी तापवा, जाळीवर लोखंडी तवा उलटा ठेवून. कडी बेकिंग पेपरवर ठेवून त्या कागदासकट तव्यावर सरकवा. एका वेळी दोनच मावतील, बाकीची तोवर फ्रीजमध्ये, नाहीतर जास्त फुगतील. जाळी खालच्या खाचेत, कारण छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड तिळाला जाळतो. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान जुळतंच असं नाही, थर्मामीटर आत ठेवून खात्री करा.

दुहेरी_पीळ:
भाजल्यावर ताटात रचू नका, जाळीवर उभी टेकवून गार करा. डबाबंद केलं की वाफेने मऊ होणारच, त्याला इलाज नाही. उरलेली त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका. खायच्या वेळी न वितळवता १८० अंशांवर ६-७ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चामडं होतं.