शाळा उघडण्याआधीचे दिवस: घरातल्या 'बाई' सुटीवर कधी जातात?

शिक्षिका असलेल्या आईची सुटी दोन हप्त्यांत येते. आधी शाळा सुटते आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी घरातल्या 'बाई' सुटतात. माझ्या बाबतीत यंदा या दोहोंमध्ये १६ दिवसांचे अंतर पडले. शेवटचा पेपर झाला तरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गुणांच्या बेरजा, निकालपत्रक आणि प्रगतिपुस्तकांवरचे शेरे शिल्लक होतेच, आणि तेही हातावेगळे झाल्यावर पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी गजराविना जाग येत राहिली. सतराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा आठ वाजून गेले होते आणि दोन्ही मुले पायथ्याशी बसून, मला उठवावे की नाही याविषयी कुजबुजत वाद घालत होती. माझी सुटी त्या सकाळी सुरू झाली.

जगभरातल्या प्राथमिक शिक्षकांमध्ये सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणी आईही आहेत. तरीही "तुमचं काय बाई, सुटीच सुटी!" या वाक्यापलीकडे या दिवसांविषयी कोणी फारसे बोलत नाही. म्हणून हा धागा आणि शिक्षिका असलेल्या आयांना हे आवाहन. आता शाळा उघडायला थोडेच दिवस उरले आहेत, तेव्हा या सुटीतला एखादा नेमका प्रसंग लिहावा. उपदेश नको, नियोजनाचे तक्ते नकोत. तक्ते आपण उरलेले वर्षभर करतोच. सुटी आवडली नसेल तर तेही मोकळेपणाने लिहावे.

पहिली-दुसरीला शिकवणारी, सहा वर्षांच्या मुलाची आई

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून एक साधी गोष्ट मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. हे थांबणे ३ सेकंदांपर्यंत वाढवले तर मुलांची उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' म्हणणे कमी होते आणि एरवी गप्प राहणारी मुलेही तोंड उघडतात. प्रशिक्षणात मी हे ऐकले, टिपून घेतले, वर्गात बऱ्यापैकी पाळलेही. घरी मात्र माझा मुलगा वाक्य सुरू करतो आणि शेवटचा शब्द मी पुरवते, हे या सुटीत माझ्या बहिणीने दाखवून दिल्यावर लक्षात आले. चाळीस मुलांसाठी असलेला धीर एका मुलाच्या वाट्याला येत नव्हता, याचे मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला; राग अर्थात बहिणीचा.

त्यानंतर मी टेबलाखाली बोटे मोजू लागले. एका संध्याकाळी त्याने विचारले की सावली आता इतकी लांब का झाली. मी म्हटले, "तुला काय वाटतं?" आणि अंगठ्यापासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तो सावलीकडे पाहत राहिला, मग आभाळाकडे, मग स्वतःच्या चपलेकडे. माझे दुसऱ्या हाताचे दुसरे बोट आले तेव्हा तो म्हणाला, "ऊन दिवसभर उभं राहून दमतं, मग आडवं होतं."

सूर्यकिरण तिरपे येतात म्हणून सावली लांबते, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. ते मी गिळले. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बाटली उभी केली आणि बॅटरी त्याच्या हातात दिली. त्याने ती वरून धरली, बाजूने धरली, खाली आणली आणि सावली भिंतीवर चढताना पाहिली. "म्हणजे ऊन आडवंच होतं," असे तो विजयी मुद्रेने म्हणाला, आणि त्याचे काही चुकले आहे असे मला वाटेना.

भाषाविषयाची शिक्षिका, तीन मुलांची आई

माझा अनुभव आवाजाचा आहे. वर्ष संपता संपता माझा आवाज घोगरा होतो, हे दरवर्षीचेच. यंदा तो परत आला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या आहेत. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात एका तासिकेचा हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. कुजबुजल्याने आवाजाला विश्रांती मिळते हा माझा समज होता. उलट जोर लावून कुजबुजल्यानेही ताण येतो, असे कळले. आठवडाभर पूर्ण मौन आणि पुढे मोजके बोलणे, असा उपाय ठरला.

घरात मी पाटी घेऊन फिरू लागले. पाटीवर लिहायचे म्हटल्यावर कितीतरी सूचना लिहिण्याच्या लायकीच्या वाटत नाहीत आणि गळून पडतात. पाचव्या दिवशी धाकटी मोठ्या आवाजात म्हणाली, "आई बोलत नाही तेव्हा आपण कुणीच ओरडत नाही." मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. पुढच्या वर्षी वर्गासाठी लहानसा ध्वनिवर्धक मागण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. घरासाठी पाटी पुरेल.

तासिका तत्त्वावर काम करणारी, एका मुलीची आई

आनंदाचे अनुभव वाचले, बरे वाटले, पण माझा वेगळा आहे. ज्यांना तासांप्रमाणे मानधन मिळते त्यांच्यासाठी सुटी म्हणजे मानधनाविना काढायचे दिवस. मी या सुटीत शिकवण्या घेतल्या, एका प्रकाशकासाठी स्वाध्यायपुस्तिकांची मुद्रिते तपासली, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची वाट पाहिली. त्यात मुलीच्या शाळेचे वेळापत्रक निराळे. दोघींनाही सुटी आहे असे दिवस कॅलेंडरवर मोजले तेव्हा नऊ भरले.

ते नऊ दिवस मी कोणालाही दिले नाहीत, एवढे मात्र सांगते. काही विशेष केले असेही नाही. एका दुपारी आम्ही दोघी जमिनीवर उताण्या पडून पंख्याची पाती मोजता येतात का हे पाहत होतो. मुलीने विचारले, "तुला आत्ता काय करायचं राहिलंय?" मी बराच वेळ आठवले. आत्ता, या मिनिटाला, काही राहिले नव्हते.

पाचवीला गणित शिकवणारी. यंदा मुलगी माझ्याच वर्गात होती

लहान शाळेत एका इयत्तेची एकच तुकडी असली की हा प्रसंग टळत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच आम्ही करार केला होता की फाटकाच्या आत मी 'बाई' आणि फाटकाबाहेर 'आई'. तिने तो काटेकोर पाळला. सुटीच्या चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पाणी पिऊ का?" आम्ही दोघीही खूप हसलो. मी थोडी जास्त वेळ हसले, कारण हसणे थांबल्यावर काय बोलावे ते सुचत नव्हते.

खरे बोलणे पुढच्या आठवड्यात झाले. जुन्या वह्या बांधून ठेवताना ती अगदी सहज म्हणाली, "माझा हजेरी क्रमांक एकवीस. मी हात वर केला की तू बाविसाव्या नंबरकडे बघायचीस." मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि मिटले, कारण ते खरे होते. पक्षपात दिसू नये, कोणा पालकाने बोट दाखवू नये, म्हणून मी वर्षभर तिच्यावरून नजर पुढे सरकवत आले होते. तिचे अक्षरही मी इतरांपेक्षा कडकपणे तपासले. सहामाहीत क्षेत्रफळाच्या उदाहरणात तिने 'चौरस सेंटिमीटर' न लिहिता नुसते 'सेंटिमीटर' लिहिले, तेव्हा अर्धा गुण कापला. तीच चूक करणाऱ्या आणखी चौघांना मी समज देऊन सोडले होते. तिला हेही माहीत होते. मधल्या सुटीत मुले उत्तरपत्रिका पडताळून पाहतात, हे आपणच विसरतो.

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू दे," आणि सुतळीची गाठ मारायला बोट पुढे केले.

त्या रात्रीपासून तिनेच एक खेळ काढला. दिवा मालवण्याआधी ती अंथरुणात हात वर करणार, मी तिचे नाव घेऊन तिला विचारायचे, आणि ती बोलेल ते संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. पहिल्या रात्री तिने हात वर केला, मी नाव घेतले, आणि तिला सांगण्यासारखे काही आठवेचना. ती बराच वेळ तशीच हसत राहिली. आता महिना होत आला. मैत्रिणीचे रुसवे, दातांना लावायच्या तारेची भीती, मला कधीही न कळलेली एक शिक्षा, असे बरेच काही त्या वर केलेल्या हातातून आले आहे. सहावीला तिला दुसऱ्या बाई आहेत. आम्हा दोघींनाही हायसे वाटते आहे.

माध्यमिक शाळेतली विज्ञानशिक्षिका, दहा वर्षांच्या मुलाची आई

कबुली देते की मी तक्ता केला होता. सुटीत मुले शिकलेले विसरतात याची धास्ती मला फार. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिले होते की उन्हाळी सुटीनंतर चाचण्यांतली कामगिरी सरासरी सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जाते आणि वाचनापेक्षा गणितात ही घट अधिक दिसते. पुढे काही अभ्यासकांनी मोजणीच्या पद्धतीवरच प्रश्न उपस्थित केले, पण प्रश्न लक्षात राहत नाहीत, धास्ती राहते. रोज वीस मिनिटे गणित, तीस मिनिटे वाचन, अवांतर लेखन, असा रंगीत तक्ता मी फ्रिजवर चिकटवला.

तीन दिवसांनी त्यावर लाल पेनाने माझ्याच वळणाच्या अक्षरात शेरा आला: 'मांडणी नीटनेटकी. सुटीचा अभाव. पुन्हा लिहून आणावे.' खाली झोकदार सही. मी रागावणार होते, पण 'अभाव' त्याने बिनचूक लिहिला होता, त्यामुळे अवांतर लेखनाचा रकाना भरला असे मानून तक्ता काढून टाकला. वाचन तेवढे राहिले, तेही त्याने मला वाचून दाखवायचे आणि मी मध्ये डुलकी काढली तरी चालेल, या अटीवर.

परदेशी शाळांत शिकवलेली, आता घरी असलेली एक आई

उन्हाळी सुटी सगळीकडे वर्षाच्या शेवटी येत नाही, एवढीच भर घालते. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्याची सुटी मध्येच पडते आणि शिक्षिका त्याच मुलांकडे परतते. ऑस्ट्रेलियात उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, म्हणून नवे वर्ष आणि नवी इयत्ता जवळपास बरोबरच उजाडतात. वर्ष संपवून येणारी सुटी मला अधिक जड गेली. ओळखीची मुले वरच्या वर्गात निघून जातात आणि त्यांची रिकामी जागा भरून काढायला आपण घरातल्या मुलांवर तुटून पडतो.

निवृत्त शिक्षिका, आता मुलगीही शिक्षिका

शाळा उघडण्याच्या आधीच्या रात्रींचे स्वप्न कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. घंटा झालेली असते, हातात हजेरीपट असतो आणि वर्ग सापडत नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी ते याच दिवसांत हटकून पडते. परवा सकाळी मुलगी चहा पिताना म्हणाली, "आई, रात्री मला वर्गच सापडेना." मी विचारले, "जिना होता का?" ती म्हणाली, "होता." आमची नात दोघींकडे आळीपाळीने पाहत होती.

धागा सुरू करणारी

उद्या शाळा. वर लिहिणाऱ्या प्रत्येकीचे आभार मानायचे राहिले आहेत. पंख्याखालची दुपार आणि वर केलेला हात मी विसरणार नाही. टाचणवही अजून कोरी आहे, गणवेशांना इस्त्री झाली आहे आणि गजर पाच वाजून वीस मिनिटांचा लावला आहे.

मघाशी मुलांच्या वह्यांवर नावाच्या चिठ्ठ्या डकवत होते. दोघांच्या झाल्यावर पाकिटात एक चिठ्ठी उरली. धाकट्याने ती माझ्या टाचणवहीवर चिकटवली, पेन घेतले, माझे नाव लिहिले आणि 'इयत्ता'पाशी येऊन थांबला. मी काही सांगितले नाही. त्याने थोडा विचार करून लिहिले, 'सगळ्या', आणि मग तुकडीच्या रकान्यात आमच्या घराचा क्रमांक घातला.