दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर्स : रक्तदात्यांचे वस्तीवार गट कसे बांधायचे?

ऐरोलीचा मामा
माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. ९ वर्षांची आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तिच्यामुळेच आम्ही नवी मुंबईत, ऐरोलीला रक्तदात्यांचा गट केला. आज १४० नावं आहेत, पण झाडून सगळी सेक्टरमधली. दिघा किंवा तुर्भे स्टोअर्सच्या झोपडपट्टीत कुणाला रक्त लागलं की तिथली माणसं अर्ध्या रात्री आम्हाला फोन करतात. त्यांच्या जवळ त्यांचं कुणी नाही.

मागच्या वर्षी इलठणपाड्यात शिबिर घेतलं. रविवार, सकाळी १० वाजता. ११ जण आले. त्यातल्या पाच बायका हिमोग्लोबिन १२.५च्या खाली म्हणून परत गेल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमचं रक्त चालत नाही होय?" मला उत्तर देता आलं नाही. तिथे गट उभा राहायला हवा, पण सुरुवात कुठून करू?

कोपरखैरण्याची ताई
दादा, मंडप गुंडाळून तुम्ही ऐरोलीला परतलात, तिथे मागे कोण राहिलं? आमच्या माथाडी वसाहतीत दोन-दोन चाळींमागे एक बाई वही सांभाळते : नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी, कामाची शिफ्ट कुठली. पुरुषाला तीन महिन्यांनी देता येतं, बाईला चार. त्या हिशोबाने दर महिन्याला आठ-दहा जणांनाच पाठवतो. एका दिवशी शंभर पिशव्या घेऊन काय करायचं? लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. मे महिन्यात अर्धी वसाहत साताऱ्याकडे गावी जाते, कॉलेजंही बंद. म्हणून मेची नावं आम्ही मार्चमध्येच बाजूला काढतो.

कळवेकर
रविवार सकाळ सोडा. कामासाठी नाक्यावर उभा राहणारा माणूस रोजंदारी बुडवून येणार नाही. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो, रात्री पोरं एकत्र असतात. आमच्या रक्तपेढीने संध्याकाळी ७ नंतर यायला होकार दिला. विचारलं म्हणून दिला. फक्त १८ पूर्ण असलेलेच घ्या, आणि रक्त दिलेल्या दिवशी थराला चढू देऊ नका.

प्रयोगशाळेत काम करते
त्या पाच बायकांचं काय झालं पुढे? परत पाठवताना हातात चिठ्ठी द्या, नागरी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर एचबीए२ तपासणी सुचवा, थॅलेसेमियाचा वाहक त्यात कळतो. वाहक असलेल्या माणसाला सहसा त्रास काही नसतो, पण आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया होण्याचा २५ टक्के धोका. हे तुमच्या घराला माहीत आहे, इलठणपाड्यात कुणी सांगितलंय का?

ऐरोलीचा मामा
नाही सांगितलं. आमच्या घरातही भाची झाल्यावरच कळलं.

ताई, तुमच्या वहीचं एक पान कसं आखलंय, फोटो पाठवाल? शनिवारी बहिणीला घेऊन त्या मावशींकडे जातो. त्यांना वेळ असेल तर वही त्यांच्याच हातात देणार आहे.