स्टेपर मोटरचा ‘अचूक वेग’ : अचूक, बारीक की एकसारखा?

विचारणा

गोरेगावच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबल लावणारे यंत्र बनते. त्याची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. लेबलांचा रोल ओढणाऱ्या स्टेपर मोटरविषयी (म्हणजे ठरावीक कोनाच्या टप्प्याटप्प्यांनी, ‘स्टेप’नी, फिरणाऱ्या मोटरविषयी) ‘हिचा वेग अचूक राखता येतो’ असे वाक्य केले, तर तिथल्या फिटरने लगेच विचारले, ‘अचूक म्हणजे किती?’ तेव्हा ‘अचूक’ हा शब्द येथे पुरेसा आहे का, आणि ‘वेग’, ‘गती’ व ‘चाल’ यांतला कोणता वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

‘वेग’च ठेवावा. पाठ्यपुस्तकांत दिशा नसलेल्या राशीला ‘चाल’ म्हणतात आणि या मोटरला दिशेचा संकेत वेगळ्या तारेने जात असल्यामुळे काटेकोर पाहिले तर ‘चाल’च योग्य ठरेल, पण मोटरची चाल वाढवा असे कोणी म्हणत नाही, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तर ‘स्पीड’च म्हणावे लागते.

खरी अडचण ‘अचूक’ या शब्दाची आहे, कारण त्यात अचूकपणा, बारकावा आणि एकसारखेपणा अशा तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळतात. सर्रास मिळणारी मोटर एका स्टेपला १.८ अंश, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप फिरते; मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोस्टेपिंग सोळाचे ठेवले, म्हणजे एका स्टेपचे सोळा भाग केले, तर एका फेऱ्याला ३,२०० पल्स (विजेचे ठोके, एका भागाला एक) लागतात. सेकंदाला १०,००० पल्स दिले की मिनिटाला १८७.५ फेरे होतात. आता हे पल्स ज्या टायमरमधून निघतात तो अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टिकने (मोजणीच्या सर्वांत लहान एककाने) मोजत असेल, तर दोन पल्समधले अंतर २०० टिक येते. त्याच्या खालचा वेग हवा असेल तर २०१ टिक घ्यावे लागतात, आणि मग फेरे थेट १८६.६ च्या आसपास येतात. मधला वेग या टायमरला देताच येत नाही. ही त्रुटी अचूकतेची नाही, बारकाव्याची आहे; म्हणून येथे ‘वेग बारीक टप्प्यांनी बदलता येतो’ किंवा ‘येत नाही’ असे लिहावे. मोटर हळू फिरत असताना टिकांची संख्या मोठी असते, त्यामुळे हे टप्पे जाणवतही नाहीत.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाला जोड देतो. टप्पे बारीक करण्यासाठी बरेच जण ठरावीक कालावधीने एका ३२ बिटांच्या बेरजेत वेगानुसार ठरवलेला आकडा मिळवत जातात आणि बेरीज भरून वाहिली, म्हणजे ३२ बिटांत मावेनाशी झाली, की एक पल्स सोडतात. या रीतीने सरासरी वेग हवा तितका नेमका मिळतो, परंतु बेरीज सेकंदाला ४०,००० वेळा होत असेल तर प्रत्येक पल्स २५ मायक्रोसेकंदांपर्यंत मागेपुढे पडू शकतो, आणि १०,००० पल्सच्या वेगाला हे म्हणजे दोन पल्समधल्या अंतराचा चौथा हिस्सा झाला. असा वेग अचूक आहे, बारीकही आहे, पण ‘एकसारखा’ नाही, आणि मोटर खरखरू लागली की ते कानालाही कळते. लेबलाच्या कामात मला सरासरीइतकेच हे एकसारखेपण महत्त्वाचे वाटते.

‘अचूक’ हा शब्द मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष मिळालेला सरासरी वेग यांच्या तुलनेपुरताच राखावा. त्या अर्थाने तो बोर्डावरच्या घड्याळावर अवलंबून असतो : क्वार्ट्झ क्रिस्टल असेल तर फरक नगण्य, स्वस्त सिरॅमिक रेझोनेटर असेल तर तो अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकतो, आणि मग पल्स काढण्याचे सूत्र कितीही नेमके असले तरी उपयोग नाही.

फिटरसाठी वाक्य असे करता येईल : ‘स्टेप सुटली नाही, तर मोटरचा सरासरी वेग घड्याळाइतका अचूक असतो.’ त्यातली ‘स्टेप सुटली नाही, तर’ ही अट गाळू नये. मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू केली किंवा भार जास्त झाला, की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) पल्सच्या मागे पडतो, म्हणजेच स्टेप सुटते. पल्सची मोजणी मात्र पुढे चालूच राहते, आणि मोटर खरोखर किती फिरली याची परत माहिती देणारा एन्कोडर बसवलेला नसेल तर पल्स पाठवणाऱ्या कंट्रोलरला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून वेग हळूहळू चढवतात; त्याला कारागीर ‘रॅम्प’ म्हणतात, पुस्तिकेतही तोच शब्द असू द्यावा.