जळगावच्या हद्दीला लागून असलेली गावं: वाढ खरी का नुसती प्लॉटिंगची?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. आमचं गाव जळगाव महापालिकेच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. जिथे कपाशीची वावरं होती तिथे आता एनए प्लॉट, रो हाऊस, मंगल कार्यालयं, इंग्लिश मीडियमची शाळा पण आली. ग्रामसभेत दोन तट पडलेत, एक म्हणतो महापालिकेत जाऊ, दुसरा म्हणतो घरपट्टी वाढेल, ग्रामपंचायतच बरी. माणसं वाढली हे दिसतंय पण नळाला पाणी आधीपेक्षा कमी येतं, मग गाव सुधारलं म्हणायचं का? तुमच्याकडे कसं आहे?

सावद्याची लेक:
भाऊ, आधी मोजणीचं बघा. जळगाव शहर 2001 ला 3 लाख 68 हजारांच्या आसपास होतं, 2011 ला 4 लाख 60 हजार, म्हणजे 10 वर्षांत 25 टक्के, आणि अख्खा जिल्हा त्याच काळात जेमतेम 15 टक्के वाढला. पण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणारा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2011 च्या लोकसंख्येवर वाटला गेला, म्हणजे नंतर तुमच्या गावात राहायला आलेल्या माणसाच्या वाट्याचं गावाला काहीच मिळालं नाही, तो कचरा करतो, रस्ता वापरतो, पाणी पितो, पण कागदावर तो अजून आलेलाच नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर जलजीवनची गावाची नळयोजना माणशी रोज 55 लिटरवर बसवतात, शहराला 135 लिटर धरतात, बंगल्यात राहणारा शहरासारखंच वापरणार ना. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

केळीवाला:
आमच्यासारखे लोक येतात भो तिकडे. शेती रावेर तालुक्यात, पोरांच्या शाळेसाठी जळगावला घर, केळीला भाव चांगला सापडला त्या साली प्लॉट घेतला. रेशनकार्ड, मतदान सगळं गावालाच. एमआयडीसीत चटईचे कारखाने, डाळ मिल, पाईप यांच्यावर मजुराला काम आहे, पण बांभोरीला विद्यापीठ असून शिकलेली पोरं पुण्या-नाशिकला जातात, धुळे-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं सुरतला गेली. त्यामुळे मला तरी ही घरांची वाढ वाटते, रोजगाराची नाही. पैसा शेतातून निघून सिमेंटमध्ये चाललाय.

माजी सदस्य:
महापालिकेचं नंतर ठरवा, आधी नवीन घरं नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, चढवा. आमच्याकडे अर्ध्या कॉलनीची नोंदच नव्हती, घरपट्टी येणार कुठून? नोंदी झाल्यावर त्याच पैशातून गटारी केल्या. आणि लेआऊट मंजूर करताना ओपन स्पेस आणि रस्ते सोडलेले असतात ते ग्रामपंचायतीच्या ताब्यात आलेत का ते बघा. केळीवाले दादा, 2027 च्या जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथेच मोजतात, मतदान कुठे आहे याचा संबंध नाही, तुम्ही जळगावकडेच नाव सांगा, तिथल्या पाण्या-रस्त्याचा हिशोब त्यावर लागतो.

गिरणाकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार, नमुना 8 चा विषय येत्या ग्रामसभेत घेतोच. अजून एक, आमच्या एका लेआऊटच्या ओपन स्पेसवर प्लॉटिंगवाल्याने गाळे काढलेत, त्याचं काय करायचं?

माजी सदस्य:
मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, ती हातात आली की ग्रामसभेचा ठराव करून नकाशासकट तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.